आवाजाचं काम छंद म्हणून सुरू करायचंय? माइक नंतर घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: राहायला घोडबंदर रोडला कासारवडवली, नोकरी ऐरोलीला, आणि आवाज चांगला आहे असं घरचे-बाहेरचे सगळे सांगतात. छंद म्हणून व्हॉइस अ‍ॅक्टिंग सुरू करायचं तर माइक कोणता घ्यावा, क्लास लावावा का, आणि केलेलं काम द्यायचं कुठे?

पहिले दोन महिने माइक घेऊ नका. फोनवर भागतं, आणि या दोन महिन्यांत जे शिकायचं ते कोणताच माइक शिकवत नाही. लोक ज्याला चांगला आवाज म्हणतात तो बहुधा खर्ज असतो किंवा गोडवा. असला तर उत्तम, पण या कामाचा पाया वाचनात आहे. कागदावरचं वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पहिल्याच वेळी कळलं पाहिजे आणि ते वाचलेलं न वाटता बोललेलं वाटलं पाहिजे. हे जमणाऱ्या साध्या आवाजाच्या माणसाला स्टुडिओत पुन्हा बोलावतात. भारदस्त आवाजात अर्थ हरवून वाचणाऱ्याला सहसा बोलावत नाहीत.

रोज वीस मिनिटं काढा. वर्तमानपत्रातली दीडशे शब्दांची बातमी घ्या, एकदा मनात वाचा, मग फोन तोंडापासून एक वीत लांब ठेवून रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका, तेव्हा कान थोडे परके झालेले असतात. आठवड्यातून एकदा ते रेकॉर्डिंग बातमी न वाचलेल्या घरातल्या कुणाला तरी ऐकवा आणि काय कळलं ते विचारा. ज्या वाक्यावर ते अडखळतील, ते वाक्य तुम्ही अर्थ न समजता वाचलेलं असतं.

नवशिक्यांच्या वाचनातला सगळ्यात मोठा दोष म्हणजे वाक्याचा शेवट गिळणं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही शेवटीच येतो. श्वास नेमका तिथेच संपतो. ‘ही सवलत रविवारी मिळणार नाही’ यातलं ‘नाही’ पोटात गेलं की वाक्याचा अर्थच उलटा होतो. यावर एक उपाय हमखास लागू पडतो: वाक्य शेवटाकडून बांधत या. आधी ‘मिळणार नाही’ तीनदा म्हणा, मग ‘रविवारी मिळणार नाही’, मग पूर्ण वाक्य. शेवट कुठे आहे हे शरीराला आधी कळलं की श्वास तिथपर्यंत आपोआप पुरवला जातो. त्याबरोबरच कागदावर पेन्सिलीने खुणा करायची सवय लावा. छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, श्वासाला दोन रेघा, आणि ज्यावर वजन द्यायचं त्या एकाच शब्दाखाली रेघ. एका वाक्यात दोन शब्दांखाली रेघ आली तर वाक्य काय सांगतंय हे अजून ठरलेलं नाही, असं समजा.

वजन कुठे द्यायचं हे कळायला प्रश्नांचा खेळ करा. ‘उद्या ठाण्याहून शेवटची गाडी साडेबाराला सुटेल’ हे एकच वाक्य ‘कधी?’, ‘कुठून?’, ‘कोणती गाडी?’ अशा वेगवेगळ्या प्रश्नांचं उत्तर म्हणून बोला. प्रत्येक वेळी जोर आपोआप दुसऱ्या शब्दावर सरकतो. हे जमलं की दुसरा दोषही कमी होतो, म्हणजे निवेदकाचा ठरीव सूर. जाहिराती आणि बातम्या ऐकून एक चाल डोक्यात बसलेली असते, आणि मजकूर कोणताही असो, माणूस त्याच चालीवर वाचत जातो. समोर एक माणूस कल्पून त्याला सांगायला लागलात की चाल सुटते. ‘प्रेक्षकांना’ सांगू नका, एकाच माणसाला सांगा. तो कोण, तुम्हाला कितपत ओळखतो, आणि त्याला हे का ऐकायचंय, एवढं मनाशी पक्कं करा.

उच्चारांवर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण मराठी आवाजात इथेच कस लागतो. च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते वेगळे दिसत नाहीत. ‘चाळीस’मधला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लागून येणारा; ‘चाळ’मधला दंततालव्य, म्हणजे जीभ वरच्या दातांमागे लागून येणारा. ‘झेंडा’ आणि ‘झरा’ यांतही तोच फरक. हिंदी आणि इंग्रजी जास्त बोलणाऱ्यांचे दंततालव्य उच्चार हळूहळू बोथट होतात आणि ते स्वतःच्या कानाला कळत नाही, म्हणून रेकॉर्ड करून तपासा. ‘चटईला टाचणी टोचली’ हे जुनं वाक्य यासाठी उत्तम आहे. ळ आणि र यांच्यासाठी ‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ घ्या. आधी अगदी सावकाश म्हणा, वेग नंतर. अनुस्वाराकडेही लक्ष द्या: ‘सिंह’ हा सिंव्ह होतो, ‘संशय’ सौंशयच्या जवळ जातो, ‘संयम’ सैंयमच्या. ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘शाळा’चं ‘शाला’ होणं तर माइकवर लगेच पकडलं जातं.

आकडे वेगळे घोटा. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांची गाडी ५९, ६९, ७९, ८९ इथे हमखास अडते. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. किमती, तारखा आणि पत्ते कागदावर अक्षरी लिहून घ्या, रेकॉर्ड करताना मनात भाषांतर करत बसू नका. आणखी एक गोष्ट कामावर पहिल्याच दिवशी समोर येते. स्क्रिप्टमध्ये ‘आम्ही ठरवले’, ‘काम झाले’ असं लिहिलेलं असतं, पण बोलायचं असतं ‘ठरवलं’, ‘झालं’. सरकारी सूचना किंवा माहितीपटात लिहिलं तसंच ठेवतात, घरगुती जाहिरातीत बोलीतलं रूप घेतात. सुरू करण्याआधी विचारून घ्या आणि शेवटपर्यंत एकच रूप पाळा. अर्धं असं आणि अर्धं तसं वाचलेलं कानाला फार खटकतं.

बातम्यांनंतर अभिनयाकडे वळायचं असेल तर दिवाकरांच्या नाट्यछटा घ्या. एकच पात्र समोरच्या अदृश्य माणसांशी बोलतं, त्यांची उत्तरं आपल्याला ऐकू येत नाहीत, ती वाचणाऱ्याने थांब्यांमधून दाखवायची असतात. आवाजाच्या अभिनयासाठी यापेक्षा नेमका सराव मराठीत क्वचितच सापडेल. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना तुम्ही खरोखर ऐकताय का, हे रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट कळतं. ऐकत नसाल तर सगळे थांबे एकाच लांबीचे होतात. दिवाकर १९३१ साली गेले. भारतात लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे त्यांचं लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे आणि त्याचं रेकॉर्डिंग जाहीरपणे टाकता येतं. हयात लेखकाची कथा किंवा अलीकडचा अनुवाद वाचून यूट्यूबवर टाकणं मात्र परवानगीशिवाय करू नका. जुन्या पुस्तकाचा नवा अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. खुली पुस्तकं मराठी विकिस्रोतावर मिळतात. ठाण्यात १८९३ पासून चालू असलेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच.

नाटकातून येणाऱ्यांसाठी एक सूचना. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असेल तर माइकवर ती आड येते. माइक एका वितेवर असतो. तिथे आवाज फेकला की सगळ्या भावना एकाच पातळीवर ओरडतात. आवाज कमी करा, पण आतली ताकद तीच ठेवा. हा बदल जमायला वेळ लागतो आणि त्यासाठी हेडफोनवर स्वतःला ऐकत राहण्यावाचून इलाज नाही.

आता खोली. घरच्या रेकॉर्डिंगचा दर्जा माइकपेक्षा खोलीवर जास्त अवलंबून असतो, आणि आपल्याकडचे फ्लॅट या बाबतीत अवघड आहेत: फरशी टाइल्सची, भिंती उघड्या, खिडक्या काचेच्या. रिकाम्या बेडरूममध्ये एक टाळी वाजवा. मागोमाग धातूसारखी झणझण आली तर तीच झणझण तुमच्या प्रत्येक शब्दामागे येणार. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात. खोलीतला आवाज घुमू न देणं हा एक, बाहेरचा आवाज आत न येऊ देणं हा दुसरा. पहिला हजार-दोन हजारांत सुटतो. दुसरा भाड्याच्या किंवा साध्या फ्लॅटमध्ये जवळपास सुटत नाही, कारण त्याला वजनदार भिंत आणि हवाबंद दार-खिडकी लागते. अंड्यांचे ट्रे आणि एक इंची फोम बाहेरचा आवाज अडवत नाहीत. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला घुमारा शोषतो आणि खालचा तसाच ठेवतो, त्यामुळे आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो.

जाड गोधड्या किंवा रजया घ्या. भिंतीला चिकटवू नका, पाच ते दहा सेंटिमीटर अंतर सोडून टांगा. त्या अंतरामुळे त्या खालचे स्वरही थोडे जास्त शोषतात. पहिली गोधडी कुठे टांगायची याचं उत्तर बरेच जण चुकतात. माइकमागे नाही, तुमच्या पाठीमागे. कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, म्हणजे तुमचं तोंड आणि तुमच्या डोक्यामागची भिंत. दुसरी आणि तिसरी दोन्ही बाजूंना, पायाखाली सतरंजी. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलात तरी पहिली गोधडी वाचते. खोलीच्या बरोबर मध्यभागी किंवा कोपऱ्यात उभे राहू नका, दोन्हीकडे खालचे स्वर विचित्र होतात.

रेकॉर्ड करण्याआधी पंखा, एसी बंद. फोन फ्लाइट मोडवर. फ्रिजचा आवाज भिंतीतून येत असेल तर तेवढा वेळ तोही बंद करा, पण आपल्या पाकिटासारखी वस्तू त्यावर ठेवा, म्हणजे नंतर सुरू करायचं विसरत नाही. लॅपटॉप टेबलावर माइकशेजारी ठेवू नका, त्याचा पंखा आणि टेबलाची कंपनं दोन्ही येतात.

वेळेबद्दल सगळे रात्री रेकॉर्ड करा म्हणतात. घोडबंदर रोडच्या कडेच्या इमारतीत हा सल्ला चालत नाही, कारण अवजड वाहनं रात्रीच जास्त धावतात आणि त्यांची घरघर ८० हर्ट्झच्या आसपास भिंतीतून येते. रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खोली आणि शनिवार-रविवारची दुपारी दोन ते चार ही वेळ बहुतेक सोसायट्यांत जास्त शांत असते. वाशी-नेरूळच्या आतल्या सेक्टरमध्ये पहाट चांगली, फक्त सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची वेळ माहीत करून घ्या. जून ते सप्टेंबर खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजतो, त्या काळात लांब काम हाती घेऊ नका. गणपती आणि नवरात्रातही तेच.

आता माइक. दोन महिन्यांनंतरही रोज बसावंसं वाटत असेल तर घ्या. सुरुवातीला साधा यूएसबी कंडेन्सर पुरतो, म्हणजे थेट लॅपटॉपला जोडता येणारा, बारीक आवाजही टिपणारा माइक. तो चार-सहा हजारांत येतो. पुढे जायचं नक्की असेल तर एक्सएलआर म्हणजे तीन पिनांच्या केबलचा माइक, तो लॅपटॉपला जोडणारी पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस, केबल आणि स्टँड असा संच लागतो. तो साधारण पंधरा ते वीस हजारांवर जातो. अशा संचातल्या कंडेन्सरला इंटरफेसवरून ४८ व्होल्टचा वीजपुरवठा, म्हणजे फँटम पॉवर, द्यावा लागतो, बटण दाबायचं राहिलं की माइक बिघडल्यासारखा मुका वाटतो. डायनॅमिक हा माइकचा दुसरा प्रकार खोलीचा आवाज कमी पकडतो असं सांगतात. त्याचं खरं कारण म्हणजे तो तोंडाच्या अगदी जवळ वापरावा लागतो. लांबून वापरला तर गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण, वाढवावा लागतो आणि खोलीचा आवाज, सळसळ, दोन्ही परत येतात. पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातला वारा अडवणारी माइकपुढची जाळी, आणि कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन यांवर पैसे वाचवू नका. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो, रेकॉर्ड करताना तो निरुपयोगी.

आपल्या दमट हवेत कंडेन्सर माइक उघडा ठेवला तर आत ओल धरते आणि पावसाळ्यात फटफट-चरचर ऐकू येऊ लागते. काम झालं की सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.

तोंड आणि माइक यांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर, आणि माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा बाजूला, तुमच्या ओठांच्या कोपऱ्याकडे वळलेला. मराठीत प, फ, ब, भ यांचा वारा जोरात निघतो. तळहात तोंडासमोर धरून ‘फणस’, ‘भाऊ’ म्हणून पाहा. तो वारा माइकच्या बाजूने जाऊ द्यायचा. फार जवळ गेलात तर आवाज जाड आणि गढूळ होतो, अनेकांना सुरुवातीला तो भारदस्त वाटतो आणि अर्ध्या तासाच्या ऐकण्यात नकोसा होतो.

रेकॉर्डिंग मोनो, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठा शब्द उणे ६ डेसिबलच्या पुढे जाता कामा नये, नेहमीचं बोलणं उणे १२च्या आसपास खेळलं पाहिजे. मीटर शून्याला लागून आवाज फाटला तर तो नंतर दुरुस्त होत नाही. सुरुवातीला पाच सेकंद काहीच बोलू नका, खोलीची शांतता रेकॉर्ड होऊ द्या. चूक झाली की थांबू नका: एक टाळी वाजवा, दोन सेकंद थांबा आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा घ्या. संपादन करताना लाटेतला तो उंच टोकदार दांडा लांबूनच दिसतो. अर्ध्या वाक्यावरून जोडलेला तुकडा जवळजवळ नेहमी ओळखू येतो, सूर जुळत नाही.

संपादनाला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरतं, ते फुकट आहे. खोलीचा आवाज फार असेल तर आधीच्या पाच सेकंदांचा नमुना देऊन नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा आवाज कमी करणं, ६ ते ९ डेसिबलपर्यंतच करा. त्यापुढे गेलात की शब्दांच्या कडा पाण्याखालून आल्यासारख्या होतात. मग ८० हर्ट्झखालचा भाग कापणारा हाय-पास फिल्टर, मग आरएमएस, म्हणजे आवाजाची सरासरी पातळी, उणे २० डेसिबलवर आणणं (नॉर्मलाइझ), शेवटी उंच शिखरं रोखणारा लिमिटर उणे ३.५ डेसिबलवर. याच क्रमाने, कारण खालची घरघर आधी कापली नाही तर तीही मोजमापात धरली जाते. एसीएक्स या ऑडिओबुकच्या व्यासपीठाचे निकष यासाठी चांगली फूटपट्टी आहेत: आरएमएस उणे २३ ते उणे १८, शिखर उणे ३च्या आत, शांततेतला आवाज उणे ६०च्या खाली. श्वास सगळे कापू नका. ते फक्त थोडे खाली करा. पूर्ण काढले की माणूस यंत्रासारखा ऐकू येतो. नवशिक्याला एका तासाच्या तयार आवाजासाठी पाच-सहा तास लागतात, हे धरूनच कुणाला शब्द द्या.

तोंडातून टिकटिक येत असेल तर ते कोरडेपणामुळे. दिवसभर पाणी प्या, नुसतं रेकॉर्डिंगच्या आधी घोटभर पिऊन उपयोग होत नाही. मधे हिरव्या सफरचंदाची फोड खाल्ली तर लाळेचा चिकटपणा कमी होतो. घसा बसला असेल तर कुजबुजूही नका, गप्प राहा. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

क्लास लावायचा तर तीन गोष्टी विचारा: बॅचमध्ये किती जण, प्रत्येकाला माइकसमोर किती मिनिटं मिळतात, आणि स्वतःचं रेकॉर्डिंग घरी न्यायला देतात का. दहा-बारापेक्षा जास्त जण असतील तर तुमच्या वाट्याला फारसं काही येत नाही. कामाची हमी देणारा क्लास टाळा.

काम देण्यासाठी सुरुवातीला लिब्रिव्हॉक्स. खुली पुस्तकं स्वयंसेवकांकडून वाचून घेणारा हा उपक्रम २००५ पासून चालू आहे आणि इंग्रजीशिवाय इतर भाषाही तिथे चालतात. आधी एक मिनिटाची चाचणी द्यावी लागते, फाइल १२८ केबीपीएस एमपी३ लागते. तिथे अमेरिकेतला स्वामित्वहक्क पाहतात, म्हणून पुस्तक निवडण्याआधी विचारून घ्या. दुसरा आणि मला अधिक मोलाचा वाटणारा मार्ग म्हणजे अंध वाचकांसाठी वाचन. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड बोलकी पुस्तकं तयार करते. २०१२च्या दुरुस्तीनंतर ना-नफा तत्त्वावर अपंग व्यक्तींसाठी वाचायला कायद्याने सूट आहे, म्हणून अशा संस्थांमार्फत हक्क चालू असलेली पुस्तकंही वाचता येतात. ती रेकॉर्डिंग्ज मात्र बाहेर कुठेही टाकायची नाहीत. इथे नियमितपणा आवाजापेक्षा महत्त्वाचा. पुस्तक अर्ध्यावर सोडलं तर दुसऱ्याला ते पहिल्या पानापासून घ्यावं लागतं.

डबिंग करून पाहायचं असेल तर बहुतेक स्टुडिओ अंधेरी पश्चिमेला आहेत. ठाण्याहून लोकलने घाटकोपर आणि तिथून वर्सोव्याची मेट्रो. नवे लोक बहुधा क्राउडपासून सुरू करतात, म्हणजे गर्दीतले आवाज, बाजारातली ओरड, मारामारीतले हुंकार. त्याला कमी लेखू नका, पडद्याकडे बघत बोलायची सवय तिथेच लागते. पात्राचे ओठ प, ब, म यांवर मिटतात आणि तुमचे शब्द तिथे मिटले नाहीत तर प्रेक्षकाला काहीतरी चुकल्याचं लगेच जाणवतं. मालिका आवाज बंद करून लावा, पात्राच्या ओठांवर स्वतःची वाक्यं बसवून पाहा, घरी याचा सराव होतो.

ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘पोर्टफोलिओ’साठी कुणी पैसे मागितले तर तिथून निघा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. आणि काम फुकट असो वा पैशाचं, सही करण्याआधी कागदात आवाजाचा वापर कुठे, किती काळ आणि कोणत्या भाषेसाठी हे बघा. ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं असेल तर तुमच्या आवाजावरून यंत्राला शिकवून कृत्रिम आवाज तयार करायची मुभाही त्यात बसू शकते. ‘या रेकॉर्डिंगचा उपयोग कृत्रिम आवाज बनवण्यासाठी किंवा त्याच्या प्रशिक्षणासाठी करता येणार नाही’ हे एक वाक्य कागदात घालून मागा. ते घालायला नकार देणाऱ्याकडे दोन तासांचे नमुने रेकॉर्ड करून देऊ नका.